यांत्रिक स्पीडोमीटर : आवाज आणि अडकणारा काटा

गिअरबॉक्समधून, काही गाड्यांत पुढच्या चाकातून, फिरत येणाऱ्या केबलवर चालणाऱ्या वेगमापकाला यांत्रिक स्पीडोमीटर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सेन्सर रुळण्यापूर्वीच्या बहुतेक मोटारींत हाच मीटर असे. जुन्या गाडीत त्याची दोन दुखणी ठरलेली आहेत. एक, डॅशबोर्डमागून येणारी किरकिर. दुसरे, थरथरणारा, उड्या मारणारा किंवा मध्येच अडकून बसणारा काटा. दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा केबलमध्ये सापडते. तरीही अनेक जण आधी मीटर उघडतात आणि धडधाकट मीटर बिघडवून बसतात. म्हणून तपासणी केबलपासून सुरू करावी आणि मीटरला हात सर्वांत शेवटी लावावा.

रचना व कार्य : गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे गती नेणाऱ्या दांडीवर, मळसूत्रासारखे दाते असतात. त्यांत एक छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, अडकते. पिनियनच्या चौकोनी भोकात केबलचे टोक बसते. केबलचे भाग दोन : बाहेरचे न फिरणारे आवरण, म्हणजे आउटर, आणि त्याच्या आत फिरणारी इनर. इनर ही एकसंध तार नसते. पोलादाच्या बारीक तारांचे थर एकावर एक, आलटून पालटून उलट दिशांनी गुंडाळून ती बनवतात. त्यामुळे ती वाकते, पण पिळली फारशी जात नाही. हा गुण शाबूत असेपर्यंत काटा स्थिर राहतो.

मीटरमध्ये पोहोचल्यावर इनर एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि दोहोंमध्ये फक्त हवेची फट. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक फिरू लागला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते. फिरत्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची चकतीबरोबर वळते, हे फ्रान्स्वा अरागो यांनी १८२४ मध्ये दाखवले होते. त्याचे कारण १८३१ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांच्या प्रयोगांनी उलगडले : बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे चुंबकत्व चुंबकाशी ओढाताण करते. जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी या तत्त्वावरच्या वेगमापकाचे पेटंट १९०२ मध्ये घेतले. पुढे जवळजवळ संपूर्ण विसावे शतक मोटारींनी तीच मांडणी वापरली.

वाटीच्या दांडीवर काटा बसवलेला असतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला शून्याकडे खेचत असते. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, स्प्रिंगचा विरोध कोनाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही जिथे समसमान होतात तिथे काटा थांबतो. तबकडीवरचे आकडे सारख्या अंतरावर असतात ते यामुळेच. चुंबक आणि काटा यांना जोडणारा एकही दाता किंवा पट्टा नाही. सगळे काम त्या अर्ध्या चिमटीएवढ्या फटीतून चालते. फटीत ग्रीस, धूळ किंवा गंज शिरला, की काटा वेगाऐवजी त्या घाणीचे ऐकू लागतो.

किलोमीटरचे आकडे दाखवणारी चक्रे मात्र केबलने फिरणाऱ्या मीटरच्या शाफ्टवरून थेट दात्यांनी फिरतात. तिथे चुंबकाचा संबंध नाही. बिघाड कुठे आहे हे ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो.

बिघाडाची ओळख : काटा आणि किलोमीटरची चक्रे दोन्ही बंद असतील, तर केबल तुटली आहे, तिचे टोक निसटले आहे किंवा पिनियनचे दाते गेले आहेत. चक्रे फिरतात पण काटा मेलेला, तर बिघाड मीटरच्या आत, वाटी किंवा स्प्रिंगपाशी. काटा चालतो पण चक्रे थांबलेली, तर चक्रांच्या गिअरपैकी एखादा तडकला आहे. जुने प्लॅस्टिकचे गिअर ठिसूळ होऊन फुटतात.

काटा लयीत नाचत असेल तर केबल पाहावी. कोरडी पडलेली इनर एखाद्या वळणावर आउटरला घासून क्षणभर अडते. खालचे टोक फिरतच राहिल्याने ती स्प्रिंगसारखी पिळली जाते, आणि ताण वाढला की एकदम सुटते. चुंबक असा धक्क्याधक्क्याने फिरतो आणि काटा उड्या मारतो. कमी वेगात हे जास्त ठळक दिसते. वेग वाढल्यावर काटा शांत झाला तरी केबल सुधारली असे समजू नये.

आवाजाचीही भाषा असते. थंडीतल्या सकाळी सुरू होऊन गाडी तापल्यावर थांबणारी बारीक, चिमणीसारखी चिवचिव बहुधा मीटरच्या मागच्या कोरड्या बुशमधून, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांडीतून, येते. वेगाबरोबर वाढणारी टकटक किंवा खरखर ही मुरगळलेल्या इनरची खूण. खात्री करायची तर मीटरमागचा केबलचा नट सोडून केबल मोकळी बांधून ठेवावी आणि थोडे अंतर गाडी चालवून पाहावी. आवाज गेला, तर दोष मीटरच्या बुशचा; टिकला, तर केबलचा किंवा खालच्या पिनियनचा. या फेरीत वेग दिसणार नाही, म्हणून ती रहदारी नसलेल्या रस्त्यावरच करावी.

केबलची दुरुस्ती : डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी, कारण मीटरच्या दिव्यांच्या तारा तिथेच असतात. केबलचा नट बहुतेक गाड्यांत हातानेच सुटतो. काही ठिकाणी दाबून काढायचे प्लॅस्टिकचे कुलूप असते. इनर बऱ्याचदा वरच्या बाजूने ओढून बाहेर येते, काही केबलमध्ये ती खालून काढावी लागते, आणि काही केबल अशा बनवलेल्या असतात की इनर वेगळी निघतच नाही. अशी केबल खराब झाली की पूर्ण बदलावी.

बाहेर काढलेली इनर रॉकेलने धुऊन पुसून घ्यावी. मग ती सपाट काचेवर किंवा टेबलावर सरळ ठेवून तळहाताने लाटण्यासारखी फिरवावी. निरोगी इनर गुळगुळीत लोळते. कुठे मुरगळली असेल तर तेवढाच भाग दर फेरीला उसळी घेतो, आणि तो डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळतो. नंतर इनरचा मोठा वेढा करून दोन्ही टोके दोन हातांच्या चिमटीत धरावीत आणि एक टोक हळूहळू फिरवावे. दुसरे टोक त्याच चालीने फिरले पाहिजे. ते थांबून थांबून झटके देत असेल, तर ती इनर टाकून द्यावी. तुटलेल्या तारेचे एखादे कुसळ बोटाला लागले तरी हाच नियम. मुरगळलेली तार ठोकून सरळ करता येते हा समज चुकीचा आहे. ती सरळ दिसेल, पण सरळ फिरणार नाही.

इनर एवढ्या लवकर का बिघडली, याचे उत्तर सहसा आउटरमध्ये मिळते. आउटरला १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण असू नये, आणि मीटरला जोडण्याआधीचे काही सेंटिमीटर तरी ते सरळ असावे. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून जाताना भोकाच्या कडेला बसणारे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, नसेल, तर पत्र्याची कड आउटर चेपते. एक्झॉस्टजवळून गेलेल्या केबलमधले ग्रीस भाजून कडक होते. रस्ता न बदलता नवी केबल घातली, तर तीही काही महिन्यांत बोलू लागेल.

ग्रीस लावताना मात्र हात आखडता घ्यावा. ग्राफाइटयुक्त किंवा खास मीटर-केबलचे पातळ ग्रीस बोटांवर घेऊन इनरच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला अस्तर दिसेल न दिसेल एवढेच चोळावे. इनर आत सरकवल्यावर वरच्या टोकाने साधारण २० सेंटिमीटर पुन्हा बाहेर ओढून तेवढा भाग कोरडा पुसावा आणि मग परत आत ढकलावी. कारण असे की इनरवरचे वेढे फिरताना मळसूत्राचे काम करतात आणि जादा ग्रीस हळूहळू वर चढवतात. वर चढलेले ग्रीस मीटरमध्ये शिरून चुंबक आणि वाटी यांमधल्या फटीत पोहोचले, की काटा खऱ्या वेगापेक्षा कितीतरी पुढे जातो. शेवटी वाटी चुंबकाबरोबरच फिरू पाहते, काटा तबकडीच्या टोकाला जाऊन आपटतो आणि स्प्रिंग वाकते. गिअरबॉक्सकडचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारे रबरी कडे, गळत असले तरी हेच घडते, त्या वेळी चढते ते गिअरऑइल. केबल काढताना वरचे टोक तेलाने ओले दिसले, तर सील बदलल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. गंज सोडवणारे स्प्रे केबलमध्ये मारणे तर टाळावेच : आवाज चार दिवस थांबतो, स्प्रे उडून जातो आणि उरलेले जुने ग्रीसही धुतले जाते.

जोडताना आधी खालचे टोक पिनियनमध्ये बसवावे. वर आउटरच्या कडेपुढे इनरचे टोक साधारण १ सेंटिमीटर बाहेर दिसायला हवे. ते जास्त आले तर इनर मीटरच्या शाफ्टवर दाब देते आणि बुश खाते. कमी आले तर चौकोनी टोक मध्येच निसटते. नट हाताने घट्ट करावा, पाना लावू नये.

मीटरमधील काम : केबल चांगली असूनही चिवचिव राहिली, तर मीटर काढून त्याच्या मागच्या नळीपाशी पाहावे. अनेक मीटरांत तिथे एक बारीक छिद्र असते आणि त्यात तेल धरून ठेवणारी वात किंवा नमद्याचा तुकडा असतो. घड्याळाच्या किंवा शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने तिथे सोडून शाफ्ट बोटांनी फिरवत राहावा, म्हणजे तेल बुशमध्ये मुरते. दोन थेंब पुष्कळ झाले. अनेक रचनांत वाटीच्या दांडीचे खालचे टोक चुंबकाच्या शाफ्टमध्येच टेकलेले असते. ते कोरडे पडले की घर्षणाने दांडी शाफ्टबरोबर ओढली जाते आणि काटा चढा दाखवतो किंवा थरथरतो. म्हणजे केबल बदलूनही काटा नाचत असेल, तर हे टोक पाहायला हवे.

याहून खोल जायचे असेल, तर वाटीला बोट न लावणे आणि स्प्रिंगला काहीही न लागू देणे, एवढे सांभाळावे. काटा काढण्यापूर्वीची एक गोष्ट हमखास विसरली जाते. बऱ्याच तबकड्यांवर शून्यापाशी एक खिळी असते आणि काटा तिच्यावर स्प्रिंगच्या ताणाने टेकलेला असतो. त्याची खरी विश्रांतीची जागा त्याच्याही खाली असते. काटा अलगद उचलून खिळीवरून पलीकडे जाऊ द्यावा, तो जिथे स्वतःहून थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करावी आणि मगच काढावा. बसवताना त्याच खुणेवर बसवून पुन्हा खिळीवर आणावा. थेट शून्यावर बसवलेला काटा सगळीकडे चुकीचा वेग दाखवतो. चक्रांवरचे आकडे रॉकेल-पेट्रोलने पुसू नयेत, छपाई निघून जाते. त्या आकड्यांत फेरफार करणे अनेक देशांत गुन्हा आहे. मीटर बदलावा लागला, तर जुना आकडा गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवावा.

अचूकता : दुसऱ्या गाडीचा मीटर बसवण्यापूर्वी केबलचे प्रमाण जुळते का ते पाहावे. अनेक मीटरांच्या तबकडीवर ते बारीक आकड्यांत छापलेले असते : युरोपीय मीटरांवर दर किलोमीटरला केबलचे फेरे, तर ब्रिटिश मीटरांवर दर मैलाला. दर किलोमीटरला १००० फेऱ्यांचा मीटर असेल, तर ताशी ६० किलोमीटरला केबल मिनिटाला बरोबर १००० फेरे फिरते. वेग बदलता येणाऱ्या ड्रिलला इनरचा तुकडा लावून मीटर टेबलावर तपासता येतो तो याच हिशोबाने. ड्रिलची दिशा उलटी असेल तर काटा खिळीवरून हलणारच नाही.

काटा थोडा चढा दाखवत असेल तर लगेच मीटर उघडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये; जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी आहे. म्हणजे ताशी ८० ला ९२ पर्यंतचा आकडा नियमात बसतो. काटा कमी दाखवू लागला, तर आधी टायरचा आकार मूळचाच आहे का ते पाहावे, कारण मोठ्या टायरवर गाडी केबलच्या तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापते. टायर बरोबर असतील, तर वयाने क्षीण झालेल्या चुंबकाचा संशय घ्यावा. तो पुन्हा चुंबकित करून स्प्रिंगशी जुळवण्याचे काम मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.