एकीकृत विज्ञान चळवळ

विज्ञानाच्या वेगवेगळ्या शाखांतले ज्ञान एकमेकांशी जोडून ते सर्वसामान्यांच्या हाती देण्याचा विसाव्या शतकातील तत्त्वज्ञांचा प्रयत्न. १९२०–३० च्या दशकांत व्हिएन्नात जमणाऱ्या तत्त्वज्ञ व शास्त्रज्ञांच्या गटातून, म्हणजे व्हिएन्ना वर्तुळातून, ही चळवळ उभी राहिली. तिचा प्राण होते ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ व समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ (१८८२–१९४५).

एकीकरण म्हणजे सगळी शास्त्रे भौतिकशास्त्रात विरघळवून टाकणे, असा समज पुष्कळदा दिसतो. नॉयराथ यांच्याबाबत तो साफ चुकीचा आहे. त्यांनी वणव्याचे उदाहरण दिले होते. जंगलातली आग आटोक्यात येईल का, हे वाऱ्यापावसावर जितके अवलंबून, तितकेच माणसे ती विझवायला येतात की नाही यावरही. पहिली गोष्ट हवामानशास्त्राची, दुसरी समाजशास्त्राची. आग मात्र एकच. तेव्हा भाकीत करायचे तर दोन्हींची विधाने एकमेकांशी जुळली पाहिजेत आणि कुणालाही पडताळता येईल अशा भाषेत मांडलेली असली पाहिजेत.

ही भाषा पंडितांपुरती राहू नये, याची त्यांना मनापासून तळमळ होती. १९२५ मध्ये त्यांनी व्हिएन्नात सामाजिक व आर्थिक संग्रहालय उघडले. घरबांधणी, आरोग्य, व्यापार यांची आकडेवारी तिथे चित्रांतून मांडली जाई. नियम साधा होता : संख्या दुप्पट झाली म्हणून माणसाचे चित्र दुप्पट मोठे काढायचे नाही. तसे केले तर उंचीबरोबर रुंदीही वाढते, चित्र चौपट जागा व्यापते आणि डोळा फसतो. त्याऐवजी त्याच मापाची दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवायची. बघणाऱ्याने हवी तर बोट ठेवून मोजावीत. चिन्हे चित्रकार गेर्ड आर्न्ट्स यांनी घडवली. पण सर्वांत अवघड काम मारी रायडेमाइस्टर यांचे होते. तज्ज्ञांच्या तक्त्यांतून काय ठेवायचे, काय गाळायचे आणि उरलेले कसे मांडायचे, हे त्या ठरवत. ही पद्धत १९३५ पासून ‘आयसोटाइप’ नावाने ओळखली जाते.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियातील राजकीय दडपशाहीमुळे नॉयराथ हॉलंडमधील हेगला गेले. पुढच्याच वर्षी पॅरिसला एकीकृत विज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९३८ पासून शिकागो विद्यापीठाने या विषयावरचा आंतरराष्ट्रीय विश्वकोश पुस्तिकांच्या रूपात छापायला घेतला. संपादक होते नॉयराथ, रुडॉल्फ कारनॅप आणि चार्ल्स मॉरिस. पहिल्याच पुस्तिकेत नील्स बोर, बर्ट्रंड रसेल आणि जॉन ड्यूई यांचे लेखन होते. ‘विश्वकोश’ हा शब्द नॉयराथ यांनी विचारपूर्वक निवडला होता. पूर्ण झालेली, बंदिस्त ज्ञानव्यवस्था त्यांना मान्यच नव्हती. भर समुद्रात, गोदीत न नेता, चालत्या जहाजाच्या फळ्या बदलणाऱ्या खलाशांसारखे आपण आहोत, असे ते म्हणत.

१९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरल्यावर नॉयराथ आणि मारी एका बोटीतून इंग्लंडला निसटले. तिथे काही महिने ते स्थानबद्ध होते. १९४५ मध्ये ऑक्सफर्डला नॉयराथ यांचे निधन झाले. आखलेल्या विश्वकोशाचे पहिले दोन खंडच पुढे सिद्ध झाले. थॉमस कून यांचा वैज्ञानिक क्रांतींवरचा गाजलेला ग्रंथ १९६२ मध्ये त्याचाच भाग म्हणून निघाला. मारी यांनी चित्रपद्धतीचे काम नेटाने चालू ठेवले, मुलांसाठी पुस्तकेही केली आणि १९७१ मध्ये सारा संग्रह रेडिंग विद्यापीठाच्या स्वाधीन केला.