ज्याच्या हातात ॲप आहे, तो आजारी आहे

डेना लुईसची झोप फार गाढ होती आणि तेच तिच्या जिवावर बेतण्याची भीती होती. तिला टाइप १ मधुमेह. त्वचेखालचा सेन्सर दर पाच मिनिटांनी शुगर मोजायचा आणि ती फार खाली गेली की यंत्र अलार्म वाजवायचं. अलार्म वाजायचा, पण डेनाला जाग यायची नाही. घरात तेव्हा ती एकटीच असे. यंत्र बिघडलेलं नव्हतं. एवढ्या आवाजाने माणूस उठतो असं धरून ते बनवलेलं होतं आणि डेना उठत नव्हती.

२०१३ साली जॉन कॉस्टिक या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधले आकडे इंटरनेटवर पाठवण्याची युक्ती शोधली. मुलगा घराबाहेर असतानाही त्याची शुगर आपल्याला दिसावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती युक्ती त्याने इतरांनाही दिली. डेना आणि तिचा जोडीदार स्कॉट लाइब्रँड यांनी ती वापरून सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर मोठा अलार्म. पुढे त्यात शुगर कुठे चालली आहे याचा अंदाज आला, मग इन्सुलिन पंप जोडला गेला, आणि २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ या नावाने ती सगळी रचना कुणालाही वापरता येईल अशी खुली झाली. कृत्रिम स्वादुपिंडाच्या, म्हणजे शुगर पाहून इन्सुलिन आपोआप देणाऱ्या यंत्रणेच्या, इतिहासात या कामाला मानाचं स्थान आहे. त्याचं मूळ मात्र ‘मला जाग येईल एवढा आवाज हवा’ या एका रुग्णाच्या साध्या गरजेत आहे.

आरोग्याच्या ॲपबद्दल विचार करताना मला ही गोष्ट पुन्हापुन्हा आठवते. तिकीट काढायचं किंवा पैसे पाठवायचं ॲप वापरणारा माणूस आजारी असेलही, पण तो योगायोग. इथे आजार हेच ॲप उघडण्याचं कारण असतं. आणि आजार फक्त तपासणीच्या कागदावर राहत नाही. तो बोटांत, डोळ्यांत, स्मरणशक्तीत उतरतो. ज्या इंद्रियांच्या भरवशावर ॲप चालवायचं, त्यांच्यावरच त्याचा घाला पडतो.

शुगर उतरण्याचंच उदाहरण घेऊ. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा त्याचा. ती ऊर्जा त्याला मुख्यतः ग्लुकोजमधून मिळते. शुगर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की डॉक्टर तिला कमी म्हणतात आणि ५४ च्या खाली गेली की गंभीर. या अवस्थेत हात थरथरतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, चिडचिड होते, दोन आणि दोन चारसुद्धा जुळेनासे होतात. अशा वेळी ॲपने समोर काय ठेवावं? बऱ्याच ॲपमध्ये तेव्हाही तोच नेहमीचा पडदा असतो: चोवीस तासांचा आलेख, खाली सरासरी, बाजूला ‘शेवटचं जेवण नोंदवा’. दुपारी निवांत बसून पाहायला हा पडदा उत्तम आहे. पण आत्ता या माणसाला हवा आहे एक मोठा आकडा, शुगर चढते आहे की उतरते आहे हे सांगणारा एक बाण, ‘१५ ग्रॅम साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा’ अशी डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवलेली एक ओळ आणि जवळच्या माणसाला फोन लावणारं एक बटण. बाकी सगळं तेवढ्या वेळापुरतं दडवलं पाहिजे. शिवाय, वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या काहींना शुगर उतरल्याची जाणीवच होईनाशी होते. घाम नाही, धडधड नाही. त्यांच्यासाठी तो अलार्म हीच एकमेव सूचना असते.

म्हणजे ‘वेगवेगळे रुग्ण’ म्हणताना फक्त वेगवेगळी माणसं डोळ्यांपुढे आणून भागत नाही. एकच माणूस दुपारी तीनला एक रुग्ण असतो आणि पहाटे तीनला दुसराच.

कंपवाताच्या रुग्णाचा हात सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा थरथरतो. त्याने ‘गोळी घेतली’ या बटणावर बोट ठेवलं की ते दोनदा टेकू शकतं आणि ॲप दोन गोळ्यांची नोंद करून मोकळं होतं. यावर ‘तुम्हाला नक्की खात्री आहे का?’ असं विचारणारी चौकट उघडणं हा मला अत्यंत चुकीचा उपाय वाटतो. त्याने थरथरत्या हाताला आणखी एक लक्ष्य दिलं जातं. त्यापेक्षा लागोपाठ आलेला दुसरा स्पर्श मोजूच नये आणि नोंद मागे घ्यायची सोय निवांत, बराच वेळ समोर राहू द्यावी. संधिवाताच्या एका प्रकारात, म्हणजे आमवातात, सकाळी बोटं आखडतात, कधीकधी तासाहून अधिक वेळ. आणि रोजची प्रश्नावली येते कधी? सकाळी उठल्या उठल्या, कारण ती ठरवणाऱ्याची बोटं सकाळीही सैल असतात. दीर्घकाळच्या मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो, पावलांची आणि पुढे हातांचीही संवेदना बोथट होऊ शकते. मधुमेहाच्या ॲपमधली बारीक, फिकट अक्षरं मधुमेह्यालाच वाचता येऊ नयेत, हे मला सहन होत नाही.

याचे निदान किमान नियम तरी उपलब्ध आहेत. वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा म्हणून जगभर मानल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूसीएजी’ या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ सांगितला आहे. २०२३ च्या आवृत्तीत बटणाचा किमान आकार आला, आणि बोटाने ओढून करायच्या प्रत्येक क्रियेला साध्या स्पर्शाचा पर्याय हवा हेही आलं. रंगांचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं: उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १२ पैकी सुमारे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तरीही ‘हिरवं ठीक, लाल धोका’ एवढ्याच खुणेवर चालणारे पडदे नव्याने बनत असतात. रंगासोबत शब्द लिहायला कितीशी जागा लागते?

आकड्यांचा घोळ त्याहून खोल आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. काही देशांत शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काहींत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्या मापातले १२६ म्हणजे दुसऱ्यातले ७. आता तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी पाहा. तिचंही उत्तर ‘७’ येऊ शकतं, पण ते ७ टक्के असतात आणि त्यांचा अर्थ सरासरी शुगर १५४ च्या आसपास. हीच तपासणी काही ठिकाणी तिसऱ्याच मापात छापतात, तिथे ७ टक्क्यांचे ५३ होतात. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या रुग्णाच्या फोनवर हे सगळे ‘सात’ आणि ‘त्रेपन्न’ शेजारीशेजारी येऊन बसतात. आकड्यापुढे एकक लिहिणं आणि रुग्णाला ज्या मापाची सवय आहे तेच कायम ठेवणं, याला मी सजावट मानत नाही. इन्सुलिनचा डोस त्या आकड्यावरून ठरतो.

कधी गरज दिसत नाही याचं कारण ती मोजणाऱ्यांच्या यादीतच नसते. ॲपल कंपनीने २०१४ मध्ये आपलं आरोग्याचं ॲप आणलं तेव्हा त्यात कितीतरी गोष्टी नोंदवता येत होत्या, मासिक पाळी मात्र नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. कधी उणीव ॲपच्याही खाली, सेन्सरमध्ये असते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन ताडतो, आणि गडद त्वचेत त्याचा अंदाज चुकू शकतो. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ताच्या थेट तपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांहून कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. असा आकडा ॲपमध्ये आला की त्याभोवती हिरवं वर्तुळ काढलं जातं, आणि चूक आणखी खात्रीची दिसू लागते.

सगळ्यांना सरसकट दिलेला सल्लाही असाच. ‘आज आठ ग्लास पाणी प्यायलात का?’ हा प्रश्न मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या फोनवर आला तर? त्याला पाण्याचा प्रत्येक घोट मोजून घ्यावा लागतो. रोजच्या १०,००० पावलांचं लक्ष्य घ्या. त्याचं मूळ वैद्यकीय संशोधनात नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावात ते आहे. निरोगी माणसाला त्याने चालायला लावलं तर चांगलंच. पण क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाच्या आजारात कुवतीपलीकडच्या श्रमाने पुढचे कित्येक दिवस प्रकृती ढासळते. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं सांगितलं. अशा रुग्णाला ‘अजून फक्त ८०० पावलं!’ असं चिअर करणारं ॲप त्याला अंथरुणावर पाडू शकतं. त्याला ‘आज पुरे, आता बसा’ असं सांगणारं ॲप हवं.

गोळ्यांचं रिमाइंडर हे या ॲपचं सगळ्यांत लोकप्रिय काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांत उपचार सांगितल्याप्रमाणे पाळण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास होतं. हा आकडा वाचला की पहिला विचार येतो, लोक विसरतात. विसरतात, खरंच. पण गोळीने मळमळतं, गोळी परवडत नाही, बीपी वाढलेलं जाणवतच नाही तर रोज औषध कशाला, अशीही कारणं असतात, आणि त्यांवर घंटा वाजवून काही होत नाही. उलट घंटेमागोमाग लाल फुली आणि ‘तुमची सलग १२ दिवसांची साखळी तुटली’ असा संदेश आला, तर माणूस एक सोपा मार्ग शोधतो: न घेताच ‘घेतली’ वर बोट ठेवतो. मग डॉक्टरांना दिसतं की औषध नियमित चालू आहे आणि बीपी तरीही १६० आहे. ते डोस वाढवतात किंवा दुसरं औषध जोडतात. रुग्णाने त्या दिवसापासून सगळ्या गोळ्या मनापासून घ्यायचं ठरवलं, तर बीपी धोकादायक इतकं खाली येऊ शकतं. ‘नाही घेतली’ हे बटण ‘घेतली’ एवढंच मोठं, त्याच रंगाचं आणि त्याच सुरातलं असावं, हा माझा आग्रह त्यासाठी आहे. त्यामागे कारण विचारायचं तर एका स्पर्शात सांगता यावं, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचं की नाही ते रुग्णाने ठरवावं.

त्यातून तीन आजार असलेल्या माणसाची गत बघा. बीपीचं एक ॲप, शुगरचं दुसरं, श्वासाचं तिसरं, आणि प्रत्येकाला वाटतं आपण दिवसाला फक्त पाचच मिनिटं मागतो. कार्ल मे, व्हिक्टर मॉन्टोरी आणि फ्रान्सिस मेअर या संशोधकांनी २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं होतं की आजाराइतकंच उपचारांचंही ओझं रुग्णावर पडतं, आणि रुग्णाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करणारं वैद्यक हवं. ॲप बनवणाऱ्यांनी हे मनावर घेतलं तर त्यांचं यश मोजण्याचं परिमाणच उलटेल. माणूस किती वेळ पडद्यापुढे बसला यापेक्षा किती लवकर मोकळा झाला, हे पाहावं लागेल.

या गरजा कळायच्या कशा? चाचणीला बोलावलं की येणारे लोक बहुधा त्यातल्या त्यात बरे, उत्साही आणि फोनला सरावलेले असतात. सकाळी अकराला, उजेडाच्या खोलीत, शेजारी मदतनीस असताना त्यांना सगळं जमतं. गुंथर आयझेनबाख या संशोधकाने २००५ मध्येच लक्ष वेधलं होतं की इंटरनेटवरच्या आरोग्य-प्रयोगांतून माणसं मोठ्या संख्येने मध्येच निघून जातात, आणि ही गळती झाकण्याऐवजी तिचाच अभ्यास व्हायला हवा. ॲप आठवडाभरात काढून टाकणाऱ्याला गाठून विचारणं कष्टाचं आहे, पण जे हवं ते त्याच्याकडे असतं. डायलिसिसचे चार तास संपवून घरी पोचलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी ॲप वापरून बघायला द्या. रात्रपाळी करणाऱ्याला विचारा, त्याची ‘सकाळची गोळी’ किती वाजताची. ज्याने वीस वर्षं वहीत बीपी लिहिलं आहे, त्याची वही मागून घ्या. समासात त्याने काय काय टिपलं आहे ते पाहिलं की ॲपमध्ये कोणता रकाना कमी आहे ते समजतं.

आणि फोन कुणाच्या हातात असतो हेही विचारा. घरात एकच फोन असेल, तर लॉक स्क्रीनवर औषधाचं नाव झळकणं म्हणजे आजार जाहीर करणं. एचआयव्ही किंवा मानसिक आजाराच्या औषधाबाबत त्याने घर मोडू शकतं. सूचनेत नुसतं ‘आठवण’ एवढंच लिहिलेलं चालेल का, असं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. काळजी घेणाऱ्या माणसाला किती दिसावं, हा प्रश्न तर दर काही वर्षांनी नव्याने सोडवावा लागतो. चार वर्षांच्या मुलाची प्रत्येक शुगर बापाला दिसणं ही मोठी सोय आहे. तोच मुलगा पंधरा वर्षांचा झाला की त्याच आकड्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. तेव्हा ॲपमध्ये मधली पायरी हवी: रोजचे आकडे मुलाकडे राहतील, पण शुगर फार उतरली आणि अलार्म वाजूनही त्याने ठरावीक मिनिटांत उत्तर दिलं नाही, तरच बापाचा फोन वाजेल. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या बाबतीत याच पायऱ्या उलट्या दिशेने उतराव्या लागतात. सुरुवातीला सगळं त्याच्याच हातात, मग काही मुलीकडे, मग बरंच काही. आणि कोणती पायरी कधी उतरायची, हे त्याला नीट बोलता येतं आहे तोवर त्याच्याकडूनच विचारून नोंदवून ठेवायचं.