पोवळा सापांचे गोत्र

पोवळ्यासारखा तांबडा रंग आणि त्यात पिवळी-काळी कडी, एवढ्यावरून या सापांना नाव मिळाले. वर्गीकरणातला घोळही तिथूनच सुरू झाला. लिनियसने १७५८ मध्ये दक्षिण अमेरिकेतला एक विषारी पोवळा 'कोलुबर' वंशात नोंदवला. त्या वंशात तेव्हा बिनविषारी सापांचीही भाऊगर्दी होती. १८०१ मध्ये श्नायडरने 'इलॅप्स' हे नाव आणले. १८२४ मध्ये वाग्लरने ब्राझीलच्या सापाला 'मायक्रुरस', म्हणजे आखूड शेपटीचा, असे म्हटले. तरी शतकभर बहुतेकांच्या तोंडी इलॅप्सच राहिले. विसाव्या शतकात कार्ल श्मिटसारख्यांनी या सापांची नीट छाननी केली आणि मायक्रुरस रुळले. नाग, मण्यार आणि पोवळा यांच्या कुळाला मात्र आजही इलॅपिडीच म्हणतात. ज्या इलॅप्सवरून ते नाव पडले, तो वंश यादीतून गेला आहे.

रंगाने फसवले ते फक्त अभ्यासकांना नव्हे. पोवळ्याशेजारी राहणारे कित्येक बिनविषारी सापही तशीच कडी मिरवतात. निसर्गअभ्यासक वॉलेसने १८६७ मध्येच याला नक्कल म्हटले होते. त्यावर आक्षेपही रास्त होता: दंशाने मेलेला पक्षी धडा शिकणार कधी? १९७५ मध्ये सुसान स्मिथ यांनी हाताने वाढवलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या मोटमोट पक्ष्यांसमोर रंगवलेल्या काठ्या ठेवल्या. तांबड्या-पिवळ्या कड्यांची काठी पाहून पक्षी बिचकले. हिरव्या-निळ्या कड्यांवर त्यांनी खुशाल चोच मारली. म्हणजे ती भीती शिकावी लागतच नाही.

आशियातले पोवळे हे वेगळेच प्रकरण. आग्नेय आशियातल्या काहींच्या विषग्रंथी डोक्यात न मावता पार धडात उतरतात, शरीराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. एवढ्या एका गोष्टीपायी त्यांना 'मॅटिकोरा' हा स्वतंत्र वंश मिळाला होता. जोसेफ स्लोविन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शरीररचना व डीएनए दोन्ही तपासून तो 'कॅलिओफिस'मध्ये विलीन केला आणि पूर्व आशियातल्या काही जातींसाठी 'सायनोमायक्रुरस' हा नवा वंश काढला. अमेरिकेतल्या पोवळ्यांचे जवळचे भाऊबंद हे सायनोमायक्रुरसच. अमेरिकेतल्यांचे पूर्वज आशियातून तिकडे गेले असावेत.

श्मिट आणि स्लोविन्स्की दोघेही सर्पदंशानेच गेले, पण पोवळ्याच्या नव्हे. १९५७ मध्ये श्मिट यांना ओळख पटवण्यासाठी आलेला बूमस्लँग हा आफ्रिकेतला विषारी साप चावला. स्लोविन्स्की सप्टेंबर २००१ मध्ये म्यानमारच्या जंगलात होते. मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप समजून त्यांनी पिशवीत हात घातला, आणि आत होती खरी मण्यार.