सांधेझीज आणि शारीरिक हालचाल

सांध्यातील कूर्चेचा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आवरणाचा) ऱ्हास, तिच्याखालच्या हाडातील बदल आणि हाडाच्या कडेला वाढणारे कंगोरे ही लक्षणे असलेला विकार म्हणजे सांधेझीज (ऑस्टिओआर्थ्रायटिस). गुडघा, खुबा, मणका व हाताची बोटे येथे तो प्रामुख्याने आढळतो. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे सर्रास म्हटले जाते. जणू सांधा म्हणजे दाराची बिजागरी. ही उपमा अपुरी आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला आणि उतरला की तिच्यातील द्रव आत-बाहेर होतो व त्यातूनच तिचे पोषण होते. मज्जारज्जूच्या इजेमुळे पाय निकामी झालेल्यांच्या गुडघ्यातील कूर्चा पातळ होत जाते. म्हणजे हालचाल मुळीच नसणे हेही सांध्याला मानवत नाही.

श्रम व सांधेझीज यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला, असे सामान्यतः मानतात. केलग्रेन व लॉरेन्स या ब्रिटिश संशोधकांनी १९५२ मध्ये इंग्लंडमधील कोळसा खाणकामगारांच्या सांध्यांची क्ष-किरण पाहणी प्रसिद्ध केली आणि १९५७ मध्ये क्ष-किरण चित्रावरून झिजेची तीव्रता ठरवणारी शून्य ते चार अशी श्रेणीपद्धती मांडली. दुसऱ्या श्रेणीपासून सांधेझीज धरण्याचा प्रघात आजही आहे. मात्र क्ष-किरण चित्र आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. सांध्यातली फट अगदी बुजलेला माणूस बिनतक्रार जिने चढतो, तर जवळपास निर्दोष चित्राचा माणूस लंगडतो. कोणी चित्र मोजले, कोणी वेदना, कोणी शस्त्रक्रिया. त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवताना जपावे लागते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीत (१९९१) गुडघे वाकवण्याच्या व जड कामांत असलेल्या पुरुषांमध्ये पुढे गुडघ्याची झीज अधिक आढळली. इंग्लंडमध्ये १९९२ च्या सुमारास दीर्घकाळ शेती केलेल्या पुरुषांत खुब्याची झीज लक्षणीय दिसली. तिचे कारण वजन उचलणे, खाचखळग्यांची जमीन की ट्रॅक्टरचे हादरे, यावर एकमत नाही. पहिल्याकडे कल अधिक आहे.

उकिडवे बसण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बीजिंगमधील ६० वर्षांवरील रहिवाशांना पंचविशीत ते रोज किती वेळ उकिडवे बसत, असे विचारण्यात आले. तीन तास वा अधिक बसणाऱ्यांत गुडघ्याच्या झिजेची शक्यता, अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली (२००४). पस्तीस वर्षांपूर्वीच्या सवयीची आठवण कितपत विश्वसनीय, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय त्याच शहरात खुब्याची झीज अमेरिकेतील गोऱ्यांच्या तुलनेत ८० ते ९० टक्के कमी आढळली. उकिडवे बसण्याने खुबा राखला जातो, असे काहींना वाटते. खुब्याच्या ठेवणीतील आनुवंशिक फरक हे कारण अधिक संभवते.

खेळांच्या बाबतीत दुखापत हा कळीचा घटक दिसतो. फिनलंडमधील माजी अव्वल खेळाडूंच्या पाहणीत (१९९५) गुडघ्याची झीज भारोत्तोलकांत ३१, फुटबॉलपटूंत २९, धावपटूंत १४ व नेमबाजांत ३ टक्के होती. फुटबॉलमध्ये अस्थिबंध (हाडे जोडणारे पट्टे) वा गुडघ्यातील कूर्चेची गादी फाटण्याचा वाटा मोठा, भारोत्तोलनात शरीराच्या वजनाचा. धावण्याने गुडघे झिजतात, ही भीती मात्र पुराव्याला टिकत नाही. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या २०१७ च्या एका संकलित विश्लेषणात खुबा व गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५, न धावणाऱ्यांत १०.२, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आले. अर्थात, गुडघा दुखू लागलेला माणूस धावणे आपणच सोडतो, हे येथे विसरता येत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील सांगाड्यांच्या अभ्यासात हाडाहाडाच्या घर्षणाने आलेली हस्तिदंती चकाकी मोजण्यात आली. प्रागैतिहासिक काळातील गुडघ्यांत ती ८, आरंभीच्या औद्योगिक काळात ६, तर अलीकडच्या काळात १६ टक्के होती. वय व वजन हिशेबात घेऊनही वाढ उरतेच. संशोधकांचा संशय घटलेल्या हालचालीकडे आहे.

महाराष्ट्रात भिगवण (जि. पुणे) येथे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सांधेविकारांची घरोघर पाहणी सुरू केली.

जर्मनीने २००९ मध्ये गुडघ्याची झीज व्यावसायिक रोगांच्या यादीत घेतली. त्यासाठी गुडघ्यांवर बसून वा तत्सम भार सोसत केलेले काम आयुष्यभरात किमान १३,००० तास आणि दर पाळीला किमान एक तास असावे लागते. फरशी बसवणारा रोज दोन तास व वर्षाला २२० दिवस गुडघ्यांवर असेल, तर ही अट पुरी व्हायला सुमारे तीस वर्षे लागतात.