ग्रामीण मतकल

एखादं लहान गाव किंवा गावासारखंच छोटं शहर वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकत राहतं, उमेदवार बदलतात, मुद्दे बदलतात पण लीड त्याच बाजूला जातं, त्याला ग्रामीण मतकल म्हणतात. एका निवडणुकीतली लाट म्हणजे कल नव्हे. गठ्ठा मतदानापासूनही हा वेगळा धरायचा, कारण गठ्ठा कोणीतरी बांधलेला असतो आणि कल बऱ्याचदा कोणी न बांधता टिकतो.

या अभ्यासाची सुरुवात बहुतेक जण फ्रेंच अभ्यासक आंद्रे सिगफ्रीड यांच्यापासून धरतात. १९१३ मध्ये त्यांनी पश्चिम फ्रान्सवरचं काम प्रसिद्ध केलं, खडकांचे, जमीनमालकीचे आणि मतांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून. ग्रॅनाइट उजवीकडे मत देतो आणि चुनखडी डावीकडे, हे वाक्य त्यातूनच आलं आणि मग इतकं गाजलं की मूळ मांडणी मागेच पडली. खडक मत देत नाही हे सिगफ्रीड यांनाही माहीत होतं. त्यांची साखळी साधारण अशी: ग्रॅनाइटच्या भागात झरे जागोजागी, म्हणून वस्ती विखुरलेली, जमीन मोठ्या मालकांची आणि पाद्र्याचा शब्द चालणारा, चुनखडीत पाणी मोजक्याच ठिकाणी लागतं, म्हणून घरं विहिरीभोवती एकत्र, शेतकरी छोटे पण स्वतःच्या जमिनीचे मालक, त्यामुळे कोणाच्या दबावाखाली नसलेले. पश्चिम फ्रान्समधल्या व्हांदे भागात बोकाज, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणांनी वेढलेल्या शेतांचा प्रदेश, आणि दक्षिणेकडचं मैदान यांच्यातला फरक त्यांनी याच पद्धतीने लावला.

पुढे यावर बराच वाद झाला. १९६० मध्ये इतिहासकार पोल ब्वा यांनी पश्चिम फ्रान्समधला सार्त हा एकच विभाग घेऊन खोलात जाऊन तपासला तेव्हा मोठी जमीनदारी आणि उजवं मत यांची सांगड तिथे नीट बसेना. त्यांच्या मते फाट पडली ती राज्यक्रांतीच्या काळात. सार्तच्या पश्चिमेकडचा बऱ्यापैकी सुखवस्तू शेतकरी चर्चच्या जप्त जमिनींवर डोळा ठेवून होता, त्या जमिनी शहरातल्या पैसेवाल्यांनी विकत घेतल्या आणि तो राग घराघरात मुरला. पूर्वेकडे विणकर जास्त, त्यांचे शहराशी रोजचे संबंध, म्हणून तिथे तसा राग साठला नाही. जमिनीचा प्रश्न कधीच मागे पडला तरी मतांचा रंग दीडशे वर्षं तसाच राहिला. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९६४ मध्ये व्हांदेबद्दल लिहिताना बाजारपेठ आणि शहरी व्यवहार कुठवर पोचले होते यावर भर दिला. निदान सार्तपुरतं तरी ब्वा यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण कल जन्माला घालणारी घटना आणि कल टिकवणारी सवय या दोन गोष्टी ते वेगळ्या करतात.

या सगळ्या वादात एक गोष्ट फार कमी बोलली जाते. मत देताना आडोसा आणि मतपत्रिकेला लिफाफा फ्रान्समध्ये आला तो २९ जुलै १९१३ च्या कायद्याने, म्हणजे सिगफ्रीड यांचं काम प्रसिद्ध झालं त्याच वर्षी. त्यांनी मोजलेली मतं त्याआधीची. तेव्हा घडी घातलेली मतपत्रिका मतदाराने केंद्रप्रमुखाच्या, गावात बहुधा मेयरच्याच, हातात द्यायची आणि त्याने ती पेटीत टाकायची. ती आधी वाटलेली उमेदवारांच्या माणसांनी, तेव्हा कागदाच्या जाडीवरून, रंगाच्या छटेवरून ओळखू येणं काही अवघड नव्हतं. जमीन ज्याची कसतो तो माणूस तिथेच उभा असेल तर हा गावाचा कल म्हणायचा की मालकाचा? छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये आलं, ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये, प्रशियात तर प्रांतिक निवडणुकांसाठी १९१८ पर्यंत मत तोंडी सांगावं लागे. त्याआधीचे गावांचे आकडे वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

आडोसा आला तरी लहान जागी गुप्तता पूर्ण मिळत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डिक्सव्हिल नॉच इथे १९६० पासून अध्यक्षपदाचं मतदान मध्यरात्री होतं आणि निकाल लगेच जाहीर करतात. १९६० मध्ये ९ च्या ९ मतं निक्सन यांना होती, २०२० मध्ये ५ च्या ५ बायडन यांना. पाचही मतं एकीकडे म्हटल्यावर कोणी कोणाला दिलं हे विचारायचं उरतच नाही. २०२४ मध्ये ३–३ अशी बरोबरी झाली तेव्हा कुठे प्रत्येकाचं मत झाकलेलं राहिलं. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मोजणीआधी एकमेकांत मिसळतात ते यासाठीच. भारतात कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा तशी तरतूद होती, मशीन आल्यावर बूथनिहाय आकडे उघड झाले. अनेक मशीनची बेरीज एकत्र दाखवणारा टोटलायझर निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवला, विधी आयोगानेही २०१५ मध्ये पाठिंबा दिला. ज्या गावात एकच बूथ आहे तिथल्या माणसासाठी ही बाब अजिबात किरकोळ नाही, विरोधात गेलेल्या गावाला उद्या रस्ता, पाणी नाकारलं जाईल ही भीतीसुद्धा मत फिरवू शकते.

गाव म्हणजे उजवं हे समीकरण चुकीचं आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये १९४४ साली गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या जोरावर टॉमी डग्लस यांच्या समाजवादी पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर युरोपात शेतकऱ्यांचे स्वतंत्र पक्ष निघाले, फिनलंडमध्ये १९०६, नॉर्वेत १९२०, पुढे त्यांनी 'सेंटर' हे नाव घेतलं. राजकीय समाजशास्त्रज्ञ लिप्सेट आणि रोक्कान यांनी १९६७ मध्ये गाव विरुद्ध शहर ही पक्षपद्धती घडवणाऱ्या समाजातल्या चार मुख्य फाटांपैकी एक मानली. आपल्या भागातला माणूस म्हणून पक्षाचा विचार न करता मत देणं हा वेगळा प्रकार, अमेरिकेच्या दक्षिणेबद्दल राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी तो १९४९ मध्ये दाखवला.

गावाच्या एकूण आकड्यावरून तिथल्या एकेका माणसाचं मत काढता येत नाही. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं: ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले जास्त तिथे साक्षरता जास्त दिसत होती, पण माणसागणिक बघितलं तर परदेशात जन्मलेलेच कमी साक्षर होते, ते राहायला आले होते तेवढे साक्षर राज्यांत. गाव अमुक पक्षाचं असं आपण सहज म्हणतो तेव्हा तिथल्या ज्या ३० टक्क्यांनी दुसरीकडे मत दिलं असेल ते या शब्दात कुठेच दिसत नाहीत.