केजीएफमध्ये देशातली पहिली वीज आली नव्हती

‘भारतात वीज सर्वात आधी कोलार गोल्ड फील्ड्समध्ये (केजीएफ, कर्नाटकातलं सोन्याच्या खाणींचं गाव) आली,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. दार्जिलिंग नगरपालिकेचं सिद्रापोंग जलविद्युत केंद्र १८९७ सालीच सुरू झालं, रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी. कोलकात्यातही १८९९ मध्ये वीज आली.

केजीएफला ती मिळाली १९०२ मध्ये, कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्रातून, सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून. खरा अभिमान याचा बाळगावा! इतक्या लांब वीज नेणं तेव्हा जगातही दुर्मीळ होतं. मात्र ती आणली खाणींच्या यंत्रांसाठी, नगरपालिकेने गावासाठी नव्हे. बंगळूरला १९०५ उजाडावं लागलं. खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. गावाचा कारभार आता केजीएफमधल्याच रॉबर्टसनपेटची नगरपरिषद पाहते.