आठ भिंती आणि माथ्यावरची घुमटी

128 सेंटिमीटर सुतळी घ्या, टोकं बांधा आणि फरशीवर तिचा चौकोन करा. प्रत्येक बाजू 32 सेंटिमीटर, आतली जागा 1024 चौरस सेंटिमीटर. आता तीच सुतळी 16-16 सेंटिमीटरच्या आठ बाजूंत वळवा. जागा भरते सुमारे 1236. सुतळी तेवढीच, जागा वीस टक्क्यांनी जास्त. पूर्ण गोल केलात तर 1304 पर्यंत जाते. पण गोल भिंतीला चौकट वाकवून बसवायची म्हणजे सुतार मेटाकुटीला येतो. अष्टकोन सरळ लाकडात उभा राहतो आणि गोलाच्या 95 टक्के जागा पदरात टाकतो.

कमी भिंतीत जास्त जागा, हाच हिशेब अमेरिकेत ऑर्सन फाउलरने 1848 साली पुस्तकातून मांडला. तो वास्तुविशारद नव्हता. डोक्याचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणं हा त्याचा व्यवसाय. ती विद्या पुढे खोटी ठरली, ही भूमिती मात्र पक्की होती. पुस्तक वाचून लोकांनी शेकडो अष्टकोनी घरं बांधली. न्यूयॉर्क राज्यात फिशकिल इथे फाउलरने स्वतःसाठी बांधलेल्या घरात तर साठ खोल्या होत्या.

खोल्या चौकोनी ठेवायच्या तर कडेला तिकोनी तुकडे उरतात. तिथे कपाटं केली की भागतं. खरी अडचण मधोमध असते. आठही बाजूंना खोल्या लावल्या की मधल्या भागाला बाहेरची भिंतच उरत नाही, म्हणजे खिडकीही नाही. उजेड आणि वारा आणायचा कुठून? वरून. म्हणून अनेक घरांत जिना मधोमध घेतला आणि छपराच्या माथ्यावर चोहोबाजूंनी खिडक्या असलेली घुमटी, म्हणजे क्युपोला, बसवली. ही घुमटी केवळ शोभेची म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. अशा घराचा तोच सर्वांत कामाचा भाग आहे.

कोकणात छपरातलं काचेचं कौल माजघरात उजेड सोडतं, पण ते उघडत नाही. घुमटीच्या खिडक्या उघडतात, आणि तिथेच फरक पडतो. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असली की ती हलकी होते, जिन्याच्या पोकळीतून वर चढते आणि घुमटीतून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. धुराड्यात धूर ओढला जातो तो याच कारणाने. पोकळी जितकी उंच आणि तापमानातला फरक जितका मोठा, तितकी ओढ जास्त.

ही ओढ केवढी? दहा मीटर उंची आणि दहा अंशांचा फरक धरला तर दाब येतो सुमारे चार पास्कल. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक टेबलावर ठेवले, तर टेबलावर पडतो तेवढाच. इतका नाजूक, पण वारा पडलेला असतानाही टिकणारा, आणि खोल्यांमधली कोंदट हवा हलवायला तेवढा पुरतो. भर दुपारी बाहेरच जास्त तापलेलं असेल तर ओढ थांबते, कधी उलटतेही. संध्याकाळी बाहेर गारवा आला की ती पुन्हा सुरू होते. हिवाळ्यात याच वाटेने शेगडीची ऊब निसटते, तेव्हा खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या.

फाउलरचं घर 1897 मध्ये सुरुंगाने पाडलं. पण मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी लाँगवूड उभं आहे. हॅलर नट या कापूस-मळेवाल्यासाठी सॅम्युएल स्लोनने आखलेलं, माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं हे प्रचंड अष्टकोनी घर 1860 मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर परत गेले. बत्तीसपैकी फक्त तळमजल्याच्या नऊ खोल्या पुऱ्या झाल्या. नट 1864 मध्ये वारला, कुटुंब त्या नऊ खोल्यांतच राहिलं. वरच्या मजल्यांवर आजही उघड्या विटा आणि तुळया दिसतात. मधोमध उभं राहून मान वर केली की घुमटाच्या खिडक्यांतून उजेड खाली उतरताना दिसतो. नट कुटुंब मात्र त्या खिडक्यांपासून सर्वांत दूरच्या मजल्यावर राहत होतं.